धुडाचं माप

४ जानेवारी

धाकट्या,

तुझा ड्रायव्हर या आठवड्यात दोनदा येऊन गेला. आधी फुलं घेऊन, मग पटकथा घेऊन. फुलं मी त्याच्याच बायकोसाठी परत पाठवली. पटकथा ठेवून घेतली आहे. फोन मात्र करू नकोस. घरातल्या भिंती पातळ आहेत आणि तुझा आवाज मास्तरांच्या कानावर पडलेला मला नको आहे. जे काही असेल ते लिहून पाठव. ड्रायव्हर भला माणूस दिसतो, मिशीतल्या मिशीत हसतो आणि नसत्या चौकश्या करत नाही.

अकरा वर्षांनी तुला बहिणीची आठवण कशामुळे झाली, ते मला कळलं आहे. 'धूड परतले'साठी तू म्हणे कॉम्प्युटरवर धूड करून घेतलंस. निर्मात्याने दोनशे माणसं बसवून अर्धा सिनेमा दाखवला, आणि धूड पूल मोडायला लागल्यावर ती माणसं पोट धरून हसली. संकलक बाईंनी मला सगळं सांगितलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटरच्या धुडाला वजन कुठून येणार? आपल्या पहिल्या सिनेमातल्या धुडात चाळीस किलो रबर होतं आणि त्या रबराच्या आत मास्तर होते, माझा नवरा.

तो माझा नवरा आता दोन वाक्यांच्या मध्ये थांबतो. शाळेत कवायत शिकवणारा माणूस, ज्याची शिट्टी मैदानापलीकडे ऐकू जायची, तो अंघोळ करून आला की अर्धा तास खुर्चीत बसून राहतो. फुप्फुसातलं पाणी निघालं, पण जाताना बरंच काही घेऊन गेलं, असं डॉक्टर म्हणाले होते. तू एकदाही घरी आला नाहीस म्हणून सांगते.

आता मुद्द्याचं. परवाच्या मुलाखतीत तू पुन्हा तेच सांगितलंस. धूड बुडताना दोनदा हात वर करतं तो शॉट, ज्याला आजही शिट्ट्या पडतात, ज्याचं पोस्टर पोरांच्या खोल्यांत लागतं. 'ते मला ऐन वेळी सुचलं. मी मास्तरांना म्हटलं, जगाचा निरोप घ्या.' अरे, काही जनाची, काही मनाची? मस्तक चढवलं की आतल्याचा आवाज बाहेर येत नाही. चेन पाठीला असते, आतल्याला उघडता येत नाही. म्हणून दोनदा हात वर केला की थांबायचं, ही खूण आपण तिघांनी माझ्या शेडमध्ये चहा पिता पिता ठरवली होती. तू मला शेपटीची शिवण उसवली म्हणून दुसरी शेपूट आणायला धाडलंस आणि मी परत येईपर्यंत मास्तर शूटिंगच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पालथे पडले होते.

संकलक बाईंनी मला न कापलेली फीत दाखवली आहे. हात दुसऱ्यांदा वर येतो तिथपासून तू 'कट' म्हणेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद जातात. दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणाला होतास, 'ताई, तुझ्या गळ्याची शपथ, मला वाटलं ते काम करताहेत.' ते मी अर्धंमुर्धं खरं धरलं आणि त्याच्या आधाराने इतकी वर्षं काढली.

तर मला एकच ओळ हवी आहे. 'तो हात थांबवण्याची खूण होती आणि मी शॉट थांबवला नाही.' तुझ्या नावानिशी पेपरात छापून आण. त्याच दिवशी मी नव्या धुडाची माती कालवायला घेते.

ताई


२१ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर पोचलं. चार पानं, सगळी साखरेत घोळलेली, आणि नेमकी ती ओळ तेवढी नाही. 'जुनं उकरून कोणाचं भलं होणार आहे, ताई?' माझं होईल. आणखी कोणाचं व्हावं असं मी म्हटलंच नव्हतं.

तरीही धूड करते. तुझ्यासाठी नाही. धूड माझं आहे. त्याच्या कपाळावरच्या आठ्या मी आपल्या बाबांच्या घेतल्या होत्या, चालताना एक पाय फरपटायची लकब मास्तरांनी दिली होती. तुझं त्यात नुसतं नाव होतं, ते मात्र सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

पटकथा वाचली. पहिल्या भागात अभियंत्याने धरण बांधलं, धुडाचं तळं बुडालं, धूड बाहेर आलं आणि शहर मोडून त्याच पाण्यात गडप झालं. इथवर ठीक होतं. आता धरण आटतं, गाळातून हात वर येतो, धूड पुन्हा शहराकडे निघतं. अभियंता म्हातारा झालाय, छातीवर पदकं मिरवतोय. धूड अर्धं शहर तुडवून त्याच्या दारात उभं राहतं, आणि पान चौऱ्याण्णव: 'धूड त्याच्याकडे पाहते आणि त्याला माफ करते.'

का रे करते? अभियंत्याने माफी मागितलेली मला तरी कुठल्या पानावर सापडली नाही. आणि माझ्या मुखवट्याला दोनच भाव येतात, तोंड उघडं आणि तोंड मिटलेलं. यांतल्या कुठल्या भावाने माफ करायचं तेवढं कळव.

मास्तरांना ते पान वाचून दाखवलं. कोणाची पटकथा ते सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असणार. ते हसले, मग खोकला आला, मग पाणी प्यायले. म्हणाले, 'चांगलं आहे की. दमलं असेल धूड.' त्यांचं हे असंच असतं. मला कधी कधी त्यांच्या चांगुलपणाचाच संताप येतो.

शेवट बदल. अभियंत्याने स्वतः त्या पाण्यात उतरलं पाहिजे. उतरल्यावर धूड त्याचं काय करतं ते मी नंतर कळवीन, अजून माझं ठरलेलं नाही. टाकीवर पाठीची चेन माझ्या हातात राहील. खुणेवर लक्ष मी ठेवणार आणि मी थांबवा म्हटलं की कॅमेरा थांबेल, मग तसा मावळता सूर्य आयुष्यात पुन्हा मिळणार नसला तरी. आणि धूड तयार होईपर्यंत शेडमध्ये कोणीही पाऊल टाकायचं नाही. तू तर नाहीच.

कबूल असेल तर या वेळी धुडात शिरायला तू जो नर्तक ठरवला आहेस त्याची मापं ड्रायव्हरबरोबर पाठव.

ताई


८ मार्च

धाकट्या,

मापं मिळाली. मुलगा उंच दिसतो, पाय लांबसडक, कंबर माझ्या मनगटाएवढी. कागद जपून ठेवला आहे.

शेवट निर्मात्यांना आवडला म्हणतोस. आवडणारच. अभियंता पाण्यात उतरतो ही कल्पना तुझी म्हणून सांगितलीस, हेही ड्रायव्हर न विचारता बोलून गेला. चालू दे. तुझी खोड आता मोडायची नाही.

काम ठीक चाललं आहे. तुला विसर पडला असेल म्हणून सांगते, आधी घालणाऱ्याच्या अंगाचं प्लास्टरचं धड लागतं. त्यावर मातीचं धूड चढवायचं, मातीवरून साचे काढायचे, साच्यांत रबराचा फेस ओतून भट्टीत भाजायचा. ज्याचं धड त्याचाच सूट. कोपर कोपरावर आणि गुडघा गुडघ्यावर बसला नाही तर माणूस दोन पावलांत तोंडावर आपटतो. पाठीवरचे काटे परवा चिकटवले. चेन त्यांच्या खाली लपते, शोधायला गेलं तरी सापडू नये अशी. पापण्यांची तार मास्तर बसवतात. दिवसाला एक पापणी, मग विश्रांती. काल धूड त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावत होतं आणि ते त्याला 'सावधान, विश्राम' करायला लावत होते.

शेडच्या कोपऱ्यात तुझंही धड उभं आहे. आठवतंय का? पहिल्या सिनेमाच्या वेळी आपल्याकडे आत शिरायला माणूस नव्हता. 'मीच शिरतो' म्हणून छाती काढून तू प्लास्टर लावून घेतलंस. मग नुसतं मस्तक चढवून बघितलं आणि दोन मिनिटांत तू ओकलास. मास्तर टॉवेल घेऊन धावले. म्हणाले, 'राहू दे रे, मी शिरतो. मला काय, वर्गात उभं राहण्यापेक्षा बरं.' एवढ्यावर ठरलं होतं ते. तुझं धड मी टाकून दिलं नाही. त्यावर ओले टॉवेल चांगले वाळतात.

बंद जागेची धास्ती तुला लहानपणापासूनची. लपाछपीत कपाटात शिरलास आणि बाहेरून कडी पडली, त्या दिवसापासूनची. तू आतून एकदा दार वाजवलंस. मी स्वयंपाकघरातून धावत येऊन कडी काढली आणि धावताना पडून माझा गुडघा फुटला, त्याची खूण अजून आहे. एकदाच वाजवलं होतंस.

या वेळी मस्तकात एक बारीक माइक बसवते आहे. आतला माणूस बोलला तर बाहेर ऐकू यावं. निर्मात्यांना सांग, सुरक्षेची सगळी काळजी घेतली आहे. पहिल्याच दिवशी पत्रकारांना टाकीवर बोलावतोस, तो हात पुन्हा वर येताना त्यांना बघायचा आहे, असं लिहिलंस. बोलव. जितके येतील तितके बरे.

ताई


१२ एप्रिल, सकाळी सात

धाकट्या,

पेटारा उघडायच्या आधी हे पत्र वाच. ड्रायव्हरला तसं बजावलं आहे.

नर्तकाला सूट घालून बघशील. त्याचे गुडघे धुडाच्या मांड्यांत येतील. लांब हात दुमडून कुठे ठेवायचे ते त्याला कळणार नाही. डावा हात तर बाहीतच शिरणार नाही, कारण या धुडाचा डावा खांदा दोन बोटं खाली आहे. दोन बोटं उतरलेला डावा खांदा तुझ्या अख्ख्या युनिटमध्ये एकाच माणसाचा आहे. भिंतीवरून पडलास तेव्हा त्या हाताला झोळी मीच बांधली होती.

जानेवारीतच मी टॉवेल काढले आणि तुझ्या धडावर माती चढवली. पोटाला चार बोटं जास्त धरली. मुलाखतींतले फोटो बघून अंदाज घेतला, चुकला नसावा.

पत्रकार नऊला येतात. टाकी तीनच दिवस तुझी आहे, मग दुसऱ्यांची. नवं धूड करायला मला तीन महिने लागतात आणि मी करणार नाही. तेव्हा एक तर सगळ्यांच्या देखत सिनेमा गुंडाळ आणि का गुंडाळतोस ते सांग. नाही तर आत शीर. ती ओळ जानेवारीत दिली असतीस तर आज नर्तकाच्या मापाचं धूड मिळालं असतं. मी देवाशप्पथ तेच केलं असतं.

जिवाची भीती बाळगू नकोस. दोन पाणबुडे तुझ्या दोन्ही बाजूंना असतील, कमरेला दोर असेल, नाकपुड्यांच्या झडपा मी बाहेरून उघडू शकते. मी तुला मारायला निघालेली नाही. मारणं सोपं असतं, तू ते नुसतं उभं राहून जवळजवळ केलं होतंस. दोनदा हात वर केलास की मी थांबवीन. तेवढा विश्वास तुला माझ्यावर ठेवावा लागेल. मास्तरांनीही ठेवला होता.

मी टाकीपाशी आहे. पाणी कोमट करून घेतलं आहे.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

तू आत होतास. बाहेरचं तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

तू शिरणार नाहीस असंच मला वाटलं होतं. तू नर्तकावर ओरडशील, मग माझ्यावर, आणि मग पत्रकारांसमोर काहीतरी थाप मारून निसटशील. पण निर्मात्याला कोणीतरी माप कोणाचं ते सांगितलं आणि त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, 'साहेब स्वतः धुडात शिरणार.' टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर तुला नाही म्हणता आलं नाही. ते तुला कधीच आलेलं नाही.

पाठीला पावडर लावताना तुझं अंग घामाने निथळत होतं. तू मान न वळवता म्हणालास, 'ताई, नको ना.' लहानपणी म्हणायचास तसं. मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं मला पुढे कधी म्हणता येऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते. मी ऐकलं आणि चेन वर ओढली.

मग तू पाण्यात उतरलास. गुडघे, कंबर, छाती. खरं सांगू, धूड सुरेख दिसत होतं. पुठ्ठ्याचा पूल तुझ्या कमरेला लागून मोडला तेव्हा कोणी हसलं नाही. मग पाणी हनुवटीपर्यंत आलं आणि हात वर गेला. पत्रकारांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा गेला. कॅमेरामन माझ्याकडे बघत होता. हाच कॅमेरामन तेव्हाही होता, त्याचे केस तेवढे पिकलेत. मी म्हटलं, 'थांबवा.' पाणबुड्यांनी तुला उचलून कठड्याला टेकवलं, मी झडपा उघडल्या. माझ्या हातात घड्याळ होतं. चार सेकंद लागले.

चार सेकंद. मी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण चेन मी उघडली नाही. तुला हवा मिळत होती, तू पाण्याबाहेर होतास, फक्त आत होतास. मस्तकातला माइक मी सकाळीच सेटवरच्या मोठ्या स्पीकरला जोडून ठेवला होता, ते तुला कळवलं नव्हतं. तुझा श्वास सगळ्या आवारात ऐकू येत होता. मी धुडाच्या कानाशी वाकून विचारलं, 'मागच्या वेळी हात वर करायला कोणी सांगितलं होतं?'

'कोणीच नाही. ती थांबायची खूण होती, मी थांबवलं नाही. चेन उघड, ताई.'

हवी होती ती ओळ मिळाली होती. माझे हात चेनवर होते. पुढचा प्रश्न मी नुसता ओघात विचारला, दवाखान्याच्या जिन्यातलं उत्तर मला पाठ होतं. 'मग तुला तेव्हा काय वाटलं?'

'मला कळलं होतं,' तू म्हणालास. 'ते बुडताहेत हे मला कळलं होतं. पण शॉट इतका चांगला येत होता.'

पत्रकारांतलं कोणी लिहून घेत नव्हतं. कॅमेरामन खाली बसला. चेन मी कशी उघडली ते मला आठवत नाही. तू रांगत बाहेर आलास आणि ओकलास, आणि टॉवेल माझ्या खांद्यावर असून मी तो तुला दिला नाही. तशीच घरी आले.

येताना वाटभर ठरवत होते, मास्तरांना कितपत सांगायचं. शेवटी सगळं सांगितलं. ते पुढच्या पापणीची तार सरळ करत होते, धूड गेलं तरी त्यांना सवय लागली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'माहीत होतं मला.'

मी म्हटलं, 'काय माहीत होतं?'

'मानेतल्या भोकातून दिसायचा की तो. सरळ माझ्याकडे बघितलं त्याने. मग कॅमेरामनला बोट गोल फिरवून दाखवलं, चालू ठेव म्हणून.'

'आणि अकरा वर्षं तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत?'

त्यांनी दोनदा श्वास घेतला. 'तुला एकच भाऊ आहे,' म्हणाले.

मी त्यांच्यावर इतकी चिडले की ताट तसंच टाकून शेडमध्ये जाऊन बसले. तुझ्या रिकाम्या धडासमोर. म्हणजे अकरा वर्षं हा माणूस धापा टाकत माझा भाऊ माझ्यासाठी सांभाळत होता, आणि मी तीन महिने खपून, भट्टीचा धूर डोळ्यांत घेऊन, त्याला चव्हाट्यावर आणला. मला वाटलं होतं, सूड उगवला की सुखाची झोप लागेल. झोप उडाली ती उडालीच. पण पस्तावले आहे असंही समजू नकोस. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी चेन पुन्हा वर ओढीन. फक्त दुसरा प्रश्न विचारणार नाही.

पेपर वाचले. निर्माता म्हणतो आता तर सिनेमा धो धो चालेल. चालू दे. नामावलीत मास्तरांचं नाव धुडासमोर लाव, तुझ्या नावाच्या आधी. शेवट कळवायचा राहिला होता. अभियंता पाण्यात उतरतो तेव्हा धूड काहीच करत नाही. तोंड मिटून त्याच्याकडे बघत उभं राहतं, बराच वेळ. मुखवट्याला तो भाव चांगला येतो.

ड्रायव्हर सांगत होता, तू या तीन दिवसांत दोनदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलास आणि गाडीतून न उतरता परत फिरलास. पुढच्या खेपेला उतर. जिना चढून ये, दार वाजव. मी दाराच्या आतच उभी असेन, घड्याळ हातात धरून. एक मिनिट चाळीस सेकंद मी कडी काढणार नाही. तेवढा वेळ बाहेर उभा राहा. मध्येच निघून जाऊ नकोस.

ताई